हिरवी वायर

३ नोव्हेंबर, सोमवार

आजपासून हे माझं घर. चव्वेचाळिसाव्या वर्षी सासरी जाणाऱ्या बाईने रोजनिशीत काय लिहायचं असतं, मला माहीत नाही. पण वही नवी आहे, पेनही नवं आहे, आणि मन कधी नव्हे ते उड्या मारतंय. निघताना वहिनी कानाशी लागून म्हणाली, सासू नाही, जावा नाहीत, आयती मुलगी मिळतेय, नशीब काढलंस बाई. दादा माझं शिलाई मशीन टेम्पोत चढवताना टेम्पोवाल्यावर उगीच ओरडत होता. रडू आलं की तो कुणावर तरी ओरडतो. मी म्हटलं, अरे, दोन स्टॉप पलीकडे चालले आहे, समुद्रापार नाही.

घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, गॅलरी. ठमीच्या बाबाने (नवरा हा शब्द अजून माझ्या जिभेवर बसत नाही) बाहेरच्या खोलीतली खिडकीजवळची जागा माझ्या मशीनसाठी रिकामी करून ठेवली होती. तिथेच शेजारी फिश टँक आहे. गुडघ्याएवढ्या लोखंडी स्टँडवर चार फूट लांब काचेची पेटी, अकरा मासे. झाकणात दोन जुन्या ट्यूब आहेत, त्यांना टायमर लावलाय. बरोबर चारला लागतात, सातला विझतात. लागताना टिकटिक करतात आणि मग सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी हिरवी होते. मला आवडलं. शिवताना सोबत होईल.

टँक ठमीच्या आईचा. ती तीन वर्षांपूर्वी गेली, हृदय बंद पडून, छत्तिसाव्या वर्षी. मला एवढंच सांगितलंय आणि मीही खोदून विचारलं नाही. त्या घरात दुसरी म्हणून जाताना पहिलीबद्दल कमीच माहीत असावं, असं मला वाटत आलं.

ठमी आठ वर्षांची. शाळेत वेगळं नाव आहे, घरात ठमीच. दारात उभी होती, गळ्यात दोरीला घराची किल्ली. तिने मला अकराच्या अकरा मासे दाखवले आणि सगळी वाक्यं अशी बेतून बोलली की मला हाक मारायची वेळच येऊ नये. मी म्हटलं, मावशी म्हण. तिने मान हलवली आणि काहीच म्हटलं नाही. संध्याकाळी दूध आणायला खाली गेलो. रस्ता ओलांडताना मी हात पुढे केला, तर तिने माझ्या पिशवीचा बंद धरला. चालेल. बंदापासून हातापर्यंत अंतर ते किती, वीतभर.

५ नोव्हेंबर, बुधवार

मशीन बसलं. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी ओळख काढायला म्हणून पडदे शिवायला दिले. मापं घेईपर्यंत त्यांनी इमारतीतल्या सगळ्यांची कुंडली मांडली. पहिलीचा विषय आला तेव्हा मात्र म्हणाल्या, मासे मासे करत गेली बिचारी, आणि एकदम पडद्याच्या झालरीवर घसरल्या.

ठमी पावणेचारला घरी येते. दप्तर एका कोपऱ्यात, बूट-मोजे दुसऱ्या. मग अनवाणी टँकपुढे उभी राहून घड्याळाकडे बघते. चार वाजता ट्यूब लागल्या की झाकणाची पुढची फळी उचलते, बाही कोपरापर्यंत दुमडते आणि हात पाण्यात सोडते. दुसरा हात स्टँडवर. डोळे मिटलेले. मासे तिच्या हातापासून लांब, पार पलीकडच्या काचेला चिकटून राहतात. पाच मिनिटं, कधी दहा. मग हात पुसून अभ्यासाला बसते.

मी सहज विचारलं, काय खेळ आहे हा. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला आपणच लहान आहोत असं वाटलं. म्हणाली, खेळ नाही. आई हात धरते. आधी मुंग्या येतात, मग बोटं आवळतात, तीच आई.

मी सुईत दोरा ओवत राहिले. तो चार वेळा चुकला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज टँकची काच आतून पुसायला घेतली, नीट दिसावं म्हणून टायमर फिरवून ट्यूब आधीच लावल्या. फरशी नुकतीच पुसलेली, पाय ओले, डाव्या तर्जनीला काल सुई लागलेली. हात पाण्यात घातला आणि त्या टोचलेल्या जागी कुणीतरी दातांत धरल्यासारखं झालं. हात झटकन बाहेर. आधी वाटलं मासा. मग पुन्हा एक बोट बुडवलं. बारीक, सलग झिणझिण, मनगटापर्यंत चढणारी.

शॉक. दुसरं काय. दिवसाढवळ्या, ट्यूब चालू, मुलगी रोज यात हात घालते.

मी प्लग काढला आणि ठमीच्या बाबाला फोन लावला. त्याची फिरतीची नोकरी, औषधांच्या दुकानांच्या ऑर्डरी घेतो. शनिवारीही सुटका नसते. मला वाटलं तो घाबरेल. तो म्हणाला, जुन्या ट्यूब आहेत, होतं असं, चप्पल घालून काम कर. आणि लगेच जेवायला काय करशील म्हणून विचारलं. फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं, मला किती जोरात शॉक बसला ते त्याने विचारलं नाही.

ठमीला आज हात घालू दिला नाही. ती चार ते सात टँकपुढे बसून राहिली. मी तीन वेळा बोलावलं. शेवटी तिने मान वळवली ती नुसती प्लगकडे बघायला.

१० नोव्हेंबर, सोमवार

ठमीच्या बाबाला न विचारता वायरमनला बोलावलं. पहिलंच भांडण यावरून होणार असेल तर होऊ दे.

वायरमन साठीचे, पुढचे दोन दात नाहीत, बोलण्यात मात्र काही कमी नाही. म्हणाले, ताई, पाणी आणि करंट म्हणजे सासू-सून. एका घरात राहू द्या, पण मध्ये भिंत पाहिजे. मग पोटावर झोपून स्टँडखाली शिरले आणि एकेक करून पापं मोजायला लागले. ट्यूबच्या खालची काच तडकलेली, त्यातून वाफ जाऊन टोकं गंजलेली. वायर झाकणातून सरळ खाली बोर्डात उतरलेली, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी थेट भोकात. त्यांनी बोर्ड भिंतीवर उंच लावला आणि वायरला खाली झोळ दिला, थेंब झोळाच्या तळाशी येऊन गळून पडावा म्हणून. टेस्टरचं टोक पाण्याला लावलं तर त्यातला दिवा लागला. केशरी, मिणमिणता, पाण्यातून पेटलेला.

ठमी हे सगळं पाहत उकिडवी बसली होती. तिला बघून वायरमन रंगात आले. प्लग उघडून दाखवला. आत दोनच वायरी. तिसरी, हिरवी, कुणीतरी कापून टाकलेली. त्यांनी नवी जोडली आणि ठमीला म्हणाले, ही हिरवी म्हणजे घराची राखणदार बरं का. जो करंट नको तिथे बाहेर पडतो, त्याचा हात धरते आणि त्याला जमिनीत घेऊन जाते. ठमीने विचारलं, मग तो परत येतो का. नाही, ते म्हणाले, एकदा जमिनीत गेला की गेला.

मग त्यांनी मेनची पेटी उघडली आणि हातातला टेस्टर खाली ठेवला. पेटीत ट्रिप स्विच होता, करंट गळला की क्षणात घर बंद करणारा. पण त्याच्या दोन्ही बाजूंच्या वायरी काढून बाहेरच्या बाहेर एकमेकींना पिळलेल्या. म्हणजे स्विच नुसता शोभेला. त्यांनी विचारलं, हे कुणी केलं. मी म्हटलं, मी आठवड्यापूर्वी आलेय. त्यांनी पक्कड उचलली. मग काम करता करता, माझ्याकडे न बघता म्हणाले, ताई, हातात आलेला करंट माणसाला फेकून देतो असं लोकांना वाटतं. कधी कधी उलट होतं. बोटं आवळतात. सोडायचं असतं, सोडता येत नाही. अशा माणसाला कधी हाताने ओढायला जायचं नाही. त्याने धरलेलं असतं, तो तुम्हालाही धरतो. आधी मेन बंद.

ट्रिप स्विच जोडला. टेस्टर पुन्हा बुडवला. दिवा लागला नाही. जुनी ट्यूब कधीही पुन्हा गळेल म्हणाले, शनिवारी बारा व्होल्टची नवी लाइट आणतो. तोवर स्विच पडला तर वेळ लिहून ठेवा, काय चालू होतं, कोण जवळ होतं तेही. मी म्हटलं, माझी वही आहेच.

चार वाजता ठमीने हात घातला. मी अडवलं नाही, आता भीती नव्हती. ती वाट बघत राहिली. पाच मिनिटं, दहा, वीस. मग तिने बाही खाली केली, एकेक बटण लावलं आणि जेवायला आली नाही.

११ नोव्हेंबर, मंगळवार

ठमीच्या बाबाशी भांडण झालंच नाही. मी सगळं सांगितलं, ट्रिप स्विचचंही. तो बुटाची नाडी बांधत होता. बांधली, सोडली, पुन्हा बांधली. बरं केलंस म्हणाला. उद्यापासून पंधरा दिवस दौरा आहे, तेही तेव्हाच सांगितलं.

मला शिवणात लक्ष लागत नाही. काकूंचे पडदे दोनदा उसवले.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

काल दुपारी ४ वाजून २ मिनिटांनी स्विच पडला. चालू: ट्यूब, पंप. जवळ: ठमी. मी वर केला, पुन्हा पडला. म्हणजे ट्यूब गळतेय आणि स्विच आपलं काम करतोय. ट्यूबचा प्लग काढून ठेवला, वायरमनने शाबासकी दिली असती.

आज चारला मी गॅलरीत कपडे काढत होते. आत आले तर खोली हिरवी. प्लग लावलेला, ट्यूब लागलेल्या, स्विच जागेवर, आणि ठमी पाण्यात हात घालून डोळे मिटून उभी. चेहऱ्यावर इतकी शांती की क्षणभर मी तशीच उभी राहिले, ती मोडवेना. मग पायात रबरी चप्पल सरकवली आणि मेन बंद केला.

प्लग उघडला. हिरवी वायर उपटलेली. कंपासपेटीतल्या करकटकाने स्क्रू फिरवलेला, खुणा होत्या. राखणदार गेली की स्विचला काही कळत नाही. करंट पाण्यात थांबतो, कुणीतरी हात घालेपर्यंत, आणि मुंग्यांएवढ्या गळतीने स्विच पडत नाही.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मुलावर ओरडले. ती रडली नाही. म्हणाली, ती हिरवी आईचा हात धरून तिला जमिनीत नेते. काका म्हणाले ना. मी नाही नेऊ देणार.

मी तिला जवळ घ्यायला हात पसरले. ती माझ्या हातांकडे पाहत मागे सरकली.

जोपर्यंत मी आहे तोपर्यंत या मुलीला काही होऊ देणार नाही. लिहून ठेवते, म्हणजे माझं मलाच बजावलेलं बरं. पण तिची आई दुसऱ्यांदा काढून घेणारी बाई मीच, हेही खरं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नवी लाइट बसली. पट्टीएवढी, पांढरी. तिचा अडॅप्टर भिंतीवर उंच, पाण्याजवळ येतात ते फक्त बारा व्होल्ट. वायरमन म्हणाले, आता यात पोहा. जुनं झाकण त्यांनी गॅलरीत ठेवलं, सोमवारी नेतो म्हणाले. खोलीतला हिरवा रंग गेला. भिंती नुसत्या भिंती दिसायला लागल्या.

ठमी शनिवारच्या शाळेतून आली, नव्या लाइटकडे पाहिलं, बूट-मोजे काढले. चारला, हट्टानेच म्हणा, हात घातला. मी मशीनवर होते, तिच्या पाठीकडे माझं लक्ष.

तिचे खांदे सैल पडले. हळूच म्हणाली, आली.

मी लगेच माझा हात घातला. काही नाही. कोमट पाणी. तिची समजूत, दुसरं काय. पण सगळे अकरा मासे पलीकडच्या काचेला एकावर एक रेटून उभे होते.

१६ नोव्हेंबर, रविवार

४ वाजता. मेन बंद. पंप बंद. सगळे प्लग काढून टेबलावर ठेवले, मोजून चार. जवळ: ठमी, मी.

तिने हात घातला आणि हसली.

बाहेर काढला तेव्हा मनगटावर लाल वळ होते. चार एका बाजूला, एक दुसऱ्या. मी टेप घेतली, दुसरं काही सुचेना. मापं घेणं एवढंच मला येतं. चार वळ मिळून पावणेतीन इंच. माझी चार बोटं सव्वातीन. ठमीची दोन.

फ्रॉक शिवते म्हणून परवा तिच्या आईच्या कपाटातून नमुन्याला कपडे काढले होते, त्यात भांडी घासायचे रबरी हातमोजे होते. आत्ता काढून मोजले. पावणेतीन.

वायरमन आले. टेस्टर लावला. दिवा नाही. पाण्यात करंट साठून राहत नाही ताई, हसत म्हणाले, पाणी म्हणजे बॅटरी नव्हे. पण जाताना त्यांनी जुनं झाकणही उचललं, सोमवारची वाट पाहिली नाही. पैशांचं विचारलं तर नंतर बघू म्हणाले.

१७ नोव्हेंबर, सोमवार

फोनवर ठमीच्या बाबाने सांगितलं. मी वळांबद्दल बोलले तेव्हा.

ठमीची आई होती तेव्हा ट्रिप स्विच रोज पडायचा. रात्रभर पंप बंद, सकाळी मासे उलटे तरंगताना. दोनदा झालं. ती रडली, मुलीपेक्षा जास्त रडली. इलेक्ट्रिशियन आठवड्याने येणार होता. याने एका दुकानात ऐकलेली युक्ती केली, आधी प्लगमधली हिरवी वायर कापली, तरी पडला म्हणून पेटीतल्या वायरी काढून सरळ जोडल्या. तात्पुरतं. दोन दिवसांपुरतं. मग स्विच पडेना, मासे मरेनात, ती खूश. इलेक्ट्रिशियनला नको म्हणून कळवलं.

पाच महिन्यांनी ती टँकचं पाणी बदलत होती. अनवाणी, ओल्या फरशीवर, ट्यूब चालू ठेवून. हा घरी आला तेव्हा ती अजून उभी होती. पडलीही नव्हती. हात पाण्यात.

डॉक्टरांनी हृदय बंद पडलं म्हटलं आणि याने पुढे विचारलं नाही. आणि वायरी? मी विचारलं. नंतर तरी का नाही जोडल्यास. म्हणाला, ती पेटी उघडायची हिंमत झाली नाही.

दौरा सोडून शुक्रवारी रात्री येतो म्हणाला. ठमी तेव्हा कुठे होती, हे मी विचारलं. शाळेत, म्हणाला. बहुतेक.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

शाळेत नव्हती.

आज स्वतःहून बोलली. माझ्या टेबलाखाली बसून, कापडाच्या चिंध्या जोडत. तिचे शब्द जसेच्या तसे लिहिते—

“आई बोलत नव्हती. तोंड उघडं होतं. एक हात पाण्यात आणि एक माझ्याकडे. मला वाटलं चिडली. मी कपाटात जाऊन बसले.”

मी म्हटलं, तू पाच वर्षांची होतीस, बाळा. बरं झालं तिचा हात नाही धरलास.

ती म्हणाली, “पण ती अजून हात पुढे करूनच आहे ना.”

मग मनगट चोळत, अगदी व्यवहाराचं सांगावं तसं: “रोज जास्त घट्ट धरते. तिला सोडता येत नाही.”

१९ नोव्हेंबर, बुधवार

टँकवर फळी ठेवली, फळीवर मशीन. पंधरा किलो लोखंड. तरी चारला—

मी स्वयंपाकघरात. पाण्याचा आवाज. मशीन जमिनीवर, आडवं पडलेलं नाही, नीट ठेवलेलं. ठमी खांद्यापर्यंत आत. गाल पाण्याला लागलेला. हसत नव्हती. ओढत होती, हात निघत नव्हता. माझ्याकडे बघून तोंड उघडलं, आवाज नाही.

मेन बंदच होता. सकाळपासून बंद. मग मी काय बंद करायचं?

कमरेला धरून ओढली. माझ्या दंडापर्यंत झिणझिण आली. सुटली. वळ आता निळे आहेत.

तिला उचलून तशीच दादाकडे आले आहे. चप्पलही न घालता. वहिनी विचारते काय झालं. पडली, म्हटलं.

२० नोव्हेंबर, गुरुवार

दादाकडे. इथे टँक नाही. दिवसभर तिला नजरेआड केलं नाही. चारला वहिनीने हाक मारली म्हणून दोन मिनिटं—

मोरीत. बादलीत हात. बादलीला तळ असतो, दीड वीत खोल. तिचा हात खांद्यापर्यंत आत गेलेला.

कुठलंही पाणी चालतं.

काढली. दादाने पाहिलं. तो कुणावरही ओरडला नाही.

ठमी झोपेत बोटं मिटते-उघडते. बसून विचार करतेय. ती वाईट नाही, तिची आई. वायरमन म्हणाले तसंच आहे: सोडायचं असतं, सोडता येत नाही. तीन वर्षं एक हात आवळलेला आणि एक पसरलेला. कुणीतरी मध्ये जायला हवं. मुलीचा हात नको, दुसरा कुणाचा तरी. मोठ्या माणसाचा. म्हणजे तिला कळेल की मुलगी कुणाकडे तरी आहे.

तिचा बाबा उद्या रात्री येणार. चार त्याच्या आधी वाजतात.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

दुपारी ३.४०. ठमी दादाकडे. वहिनीला सांगितलंय, दार बंद, घरात एक भांडं पाण्याचं भरलेलं नको. मी एकटी आलेय.

लिहीत राहणार आहे. ठमीच्या बाबाला कळावं की ही चूक वायरीची नव्हती. मेन बंद. ट्रिप स्विच खाली. प्लग चार, टेबलावर. पायात रबरी चप्पल, खाली लाकडी स्टूल. डावा हात पाण्यात, उजवा वहीवर. उजवा कशालाही टेकवायचा नाही, नुसता कागदाला. कागद कोरडा आहे.

३.५२. काही नाही. कोमट. मासे पलीकडे.

३.५८. मनातल्या मनात बोलतेय तिच्याशी. ठमीला वरचा दात येतोय. गणितात हुशार आहे. पोळेल इतका गरम भात तिला चालत नाही, फुंकून लागतो, हे तू मला सांगितलं नाहीस, मी शोधून काढलं. मी बघेन तिचं. तू सोड. माझा धर आणि तिचा सोड.

४.००

मुंग्या.

बोटं. एक एक करून. गार नाहीत. मला वाटलं होतं गार असतील. घट्ट पण— आई जशी गर्दीत धरते तशी.

धरलंय. बरं. आता सोड तिला. कळलं ना तुला

सोडत नाही. मी ओढून पाहिलं. खांदा— माझीच बोटं आवळली आहेत. तिची कुठली माझी कुठली कळत नाही

पेनही सुटत नाही उजव्या हातातून. म्हणून लिहितेय

किल्ली. दारात किल्ली फिरतेय. वहिनी कशी काय— ठमी. गळ्यातली किल्ली. कशी आली एकटी

नको सांगायचंय. जबडा हलत नाही. तोंड उघडं आहे नि मिटत नाही तिला वाटेल मी चिडले. वाटू दे. पळ. कपाटात जा बाळा पळ

पळत नाहीये

बूट काढतेय मोजे काढतेय. रडत नाही. माझ्याकडे बघतेय तशी कधीच बघितली नव्हती

हात मागे घ्यायचा हा पेनाचा हात मागे घ्यायचा तो पुढेच राहतोय तिच्याकडे

म्हणते या वेळी नाही पळणार मावशी

अठरा दिवस वाट बघितली मी हिने एकदा तरी हात धरावा

नको ठमे नको माझा हात ध